कोनाड्यातले पूर्वज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मध्ये कुणी खिदळलेलं मला चालत नाही. चहा घेतलात ना? साखर कमी वाटली तर मला बोलू नका, आज सुधीरने केलाय.

तर मंडळी, मी अडुसष्ट वर्षांची बाई. एकतीस वर्षं तेलाच्या कंपनीत पाइपिंग डिझाइन केलेली. माझी सही झाल्याशिवाय ड्रॉइंग पुढे सरकत नसे. मीटिंगमध्ये बारा पुरुष आणि मी एकटी बाई, त्यामुळे एक सवय हाडात भिनलेली: दोनदा मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि तीच मी, इथे आमच्या शुगर लँड गावातल्या भर हॉलमध्ये, साठ मराठी माणसांसमोर, माइक हातात घेऊन तब्बल पन्नास मिनिटं... जाऊ दे. सुरुवातीपासूनच सांगते.

रिटायर झाले आणि पहिल्या सोमवारी फोन वाजला. मी धावत गेले. वाटलं, ऑफिसचा. गाडीची वॉरंटी संपतेय म्हणून सांगणारा रेकॉर्डेड आवाज होता. तरी मी तो शेवटपर्यंत ऐकला! यावरून काय ते समजा.

माझ्या नवऱ्याला, सुधीरला, असला काही त्रास झाला नाही. तो भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं लोकांना झोपवलं, आता तोच प्रयोग स्वतःवर करतो.

मी मात्र ऑगस्टच्या उकाड्यात कुठे जायचं म्हणून लायब्ररीत जायला लागले. तुम्हाला माहीतच आहे इथला ऑगस्ट, गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. लायब्ररीत थंडगार एसी, आणि दर बुधवारी एक रिटायर्ड शिक्षक इट्रस्कन लोकांवर व्याख्यान द्यायचे. इट्रस्कन म्हणजे कोण, विचारू नका, मलाही तोवर माहीत नव्हतं. रोमन लोक मोठे व्हायच्या आधी रोमच्या उत्तरेला राहणारी माणसं. मेलेल्यांसाठी डोंगरात खोल्या कोरायचे, आत दगडाचे पलंग, दगडाच्या उशा, वर दगडाच्याच तुळया. पक्षी कुठल्या दिशेने उडाले यावरून शकुन सांगायचे. आणि त्यांच्या बायका मेजवानीत पुरुषांच्या शेजारी बसून जेवायच्या!

हे शेवटचं ऐकलं आणि मी वहीच काढली.

सहा बुधवार झाले, व्याख्यानं संपली. माझं कुठलं संपायला! लायब्ररीतली त्या विषयावरची सगळी पुस्तकं वाचली. त्यातलं एक अगदी जुनं, पायी फिरणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात एका बारक्या गावाबद्दल दोन ओळी होत्या. गावाबाहेर ओढा लागतो, दुसऱ्या पुलानंतर डावीकडे कड्यात कोरलेली एक खोली आहे, भिंतीभर कोनाडे आहेत, सापडायला अवघड.

सापडायला अवघड! मला हे दोन शब्द दिसायला नको होते.

आमची लेक केतकी पार्सिपनीला असते. तिला फोन केला.

"आई, देअर आर टूर्स," ती म्हणाली. "विथ अ बस. विथ अ गाइड. विथ अ बाथरूम."

"बसमधून जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं गं."

"दॅट्स द होल पॉइंट, आई!"

मी तिकिटं काढली.

एप्रिलमध्ये आम्ही इटलीला गेलो. पहिले दोन दिवस प्रसिद्ध थडगी पाहिली. सुंदर आहेत हो, खोटं का बोलू? पण प्रत्येक खोलीत शाळेची एक सहल आणि काठीला फोन लावलेली चार माणसं. मला हवी होती ती जागा, जिथे आपण आणि इट्रस्कन, मध्ये तिसरं कुणी नाही. सुधीरला हवं होतं आइस्क्रीम. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला भाड्याच्या गाडीत घातला आणि त्या गावाकडे निघाले.

गाव सापडलं. ओढा सापडला. पण पूल मोजू लागलो तर पहिला कुठला आणि दुसरा कुठला, काही पत्ता लागेना. एक शेतकरी ट्रॅक्टरवर बसला होता. मला इटालियन येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही. मी फोनमध्ये भाषांतर करून त्याच्यासमोर धरलं. मी लिहिलं होतं, 'जुन्या काळचे मेलेले लोक जिथे राहतात ती जागा कुठे आहे?' फोनने त्याचं काय केलं देव जाणे. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सुधीरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, छातीवर क्रॉस केला आणि गंभीरपणे उजवीकडे बोट दाखवलं.

आम्ही गेलो. उंच उंच सुरूसारखी झाडं, लोखंडी फाटक, आत संगमरवर. गावाची आत्ताची दफनभूमी!

बरं, रिकामी असती तर मागच्या पावली आलो असतो. तिथे कुणाचा तरी विधी नुकताच आटपला होता आणि माणसं रांगेने बाहेर पडत होती. आम्ही दोघं फाटकातच. पहिल्या माणसाने सुधीरचा हात हातात घेतला. आता काय करणार? सुधीरने डॉक्टरी चेहरा केला, खांद्यावर हात ठेवला. मग दुसरा आला, तिसरा आला. एकूण अकरा जणांचं सांत्वन आम्ही केलं. कोण गेलं होतं, बाई का पुरुष, आजवर कळलेलं नाही. पण मनापासून हळहळलो, एवढं खरं.

शेवटी काळ्या कपड्यातली एक म्हातारी आजी आली. माझा हात सोडेचना. मी म्हटलं, आता फोन नको. पर्समधून वही काढली आणि चित्र काढलं. डोंगराचा कडा, त्यात दार, दाराच्या आत भिंत, भिंतीवर कोनाडेच कोनाडे. चित्र कसलं, आमचं ड्रॉइंगच ते, बाणबिण दाखवून.

आजीचा चेहरा उजळला. "आ! कोलोम्बारिओ!" असं म्हणून तिने दोन्ही हात पसरले आणि पंखासारखे हलवले. वरखाली, वरखाली. मग आकाशाकडे बघून हसली.

मला भरून आलं. नुकतंच जवळचं कुणी गेलंय आणि ही बाई मला सांगतेय, आत्मा कसा उडून जातो!

फोनवर तो शब्द शोधला. अर्थ आला: मृतांच्या राखेचे कलश ठेवण्यासाठी भिंतीत केलेल्या कोनाड्यांची जागा. मी दोनदा तपासला. दुसऱ्या डिक्शनरीतसुद्धा तोच! सुधीरला दाखवला.

"वाच," मी म्हटलं. "आता बोल."

"मी कुठे काय म्हणालो?" तो म्हणाला.

आजीने वाट दाखवली आणि आम्ही निघालो. वाट कसली हो! ओढ्याच्या काठाने चिखल, काटेरी वेली, मध्येच आडवं पडलेलं झाड. सुधीरचा गुडघा कुरकुरायला लागला.

"शैला, परत जाऊ या."

"दहा मिनिटं."

दहा मिनिटांनी, "शैला, आता तरी?"

"दहाच मिनिटं रे."

अशी पाच-सहा दहा मिनिटं झाली. माझी बाही फाटली, त्याची टोपी ओढ्यात गेली. मी मात्र ठरवलं होतं. एकतीस वर्षं नकाशावरची गोष्ट जमिनीवर शोधलेली बाई मी, एक खोली सापडत नाही म्हणजे काय?

आणि सापडली! तपकिरी, मऊ दगडाचा उभा कडा, त्यात माणसाच्या उंचीचं दार, वरून वेली लोंबणाऱ्या. मी वेली बाजूला केल्या, पाऊल आत टाकलं, आणि फडफडफड! तीन-चार कबुतरं डोक्यावरून सूं करत बाहेर गेली. सुधीर खाली बसला. मी मात्र धावत बाहेर आले आणि फोनवरचं होकायंत्र उघडलं.

"पूर्वेला!" मी ओरडले. "सुधीर, पूर्वेला उडाली! शुभ शकुन!"

"शैला, ती इथे राहत असावीत," सुधीर कपडे झटकत म्हणाला.

त्याने हे म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं. नंतर त्याने मला ते फारसं ऐकवलं नाही, म्हणून मीच प्रत्येकाला सांगते.

आत गेलो. डोळे अंधाराला सरावले आणि मी बघतच राहिले. जमिनीपासून छतापर्यंत चारी भिंतींवर कोनाडे. चौकोनी, वीतभर, एकसारखे, ओळीत. एक लहान नाही, एक मोठा नाही. मी मोजले, दोनशे चौदा. कालपरवा पाहिलेल्या थडग्यांत श्रीमंताला मोठी खोली, त्याहून श्रीमंताला दोन. आणि इथे? राजा असो की कुंभार, सगळ्यांना तेवढीच जागा! अंगावर काटा आला हो माझ्या.

खाली जमिनीवर करडी-पांढरी, कोरडी भुकटी पसरलेली. मी वाकले.

"सुधीर, राख."

"मला अमोनियाचा वास येतोय," तो म्हणाला.

"इतक्या शतकांची जागा आहे. गुलाबाचा येईल का?"

मी चिमूटभर घेतली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली. मग त्याच्याही लावली. तो 'अगं, अगं' करेपर्यंत लावून झाली होती. मनात आलं, या माणसांचं आता कुणी उरलेलं नाही. यांच्यासाठी कुणी दोन शब्द म्हटल्याला किती काळ लोटला असेल! मला अंत्यविधीचं काही येत नाही. जे पाठ होतं ते म्हटलं. अख्खी रामरक्षा, न चुकता. सुधीरही हात जोडून उभा होता, थोडासा दाराकडे सरकून.

मग दोघांचा फोटो काढला, कपाळ नीट दिसेल असा.

इथवर काही बिघडलं नव्हतं. जे झालं ते डोंगराला माहीत आणि आम्हाला. पण मी तो फोटो आमच्या ग्रुपवर टाकला ना! खाली लिहिलं, 'पुस्तकातल्या दोन ओळींवरून शोधलेली इट्रस्कन स्मृतिशाळा.' स्मृतिशाळा हा शब्द माझाच. आवडला ना? मलाही फार आवडला होता.

परत आलो तर आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा, अपर्णाचा, फोन.

"शैलाताई, केवढं मोठं काम केलंत! ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तुमचं व्याख्यान ठेवू या. स्लाइड्स आहेत का?"

स्लाइड्स आहेत का! माझ्याकडे बासष्ट होत्या.

चार दिवसांनी पोस्टर आलं. त्यावर लिहिलं होतं, 'इट्रस्कन स्मृतिशाळेच्या शोधकर्त्या शैलाताई.' आता बघा, मी शोधून काढलं असं म्हणाले होते, शोध लावला असं म्हणाले नव्हते. दोन्हींत फरक आहे. मी फोन करून सांगायला हवं होतं. फोन हातात घेतलासुद्धा. मग पोस्टर पुन्हा एकदा वाचलं आणि फोन खाली ठेवला. ही माझी खरी चूक, बाकीच्या नुसत्या गमती.

मग तयारी. कोनाड्याची मापं माझ्याकडे होतीच, टेपने घेतलेली. किचनमध्ये पुठ्ठ्याचा त्याच मापाचा कोनाडा केला. एका माणसाची राख साधारण किती होते ते वाचलं, तेवढं नाचणीचं पीठ मोजून एका डब्यात भरलं आणि डबा आत ठेवला. शेजारी तेवढाच दुसरा डबा आरामात बसला! म्हणजे काय सिद्ध झालं?

"सुधीर! एका कोनाड्यात नवरा-बायको!"

त्याने झोपेतून एक डोळा उघडला. "म्हणजे तिथेही सुटका नाही."

आणि मग, त्याचं मला आजही कौतुक वाटतं, तो उठून बसला आणि म्हणाला, "शैला, एकदा कुणाला तरी विचारून घे ना."

"कुणाला?"

"ज्याला यातलं कळतं अशा कुणालाही."

"मला कळतं," मी म्हटलं.

व्याख्यानाचा रविवार आला. दुपारी तीनची वेळ, हॉल भरलेला. निम्मे डॉक्टर, निम्मे इंजिनिअर, आणि बटाटेवड्यांचा वास. अपर्णा एका मुलीला घेऊन आली. तिशीची, जीन्स, पाठीवर सॅक.

"ही माझी भाची, ईरा. ॲन आर्बरच्या विद्यापीठात असते. इटलीतल्या उत्खननावरच पीएचडी करतेय! मी म्हटलं, आलीच आहेस तर काकूंचं ऐक."

"काकू, आय ॲम सो एक्सायटेड," ईरा म्हणाली. "मी चार समर तिथे काम केलंय."

दुसरं कुणी असतं तर तिथेच सावध झालं असतं. मी काय केलं? तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि म्हटलं, "वही आहे ना? लिहून घे."

लिहून घे!

सुरू केलं. विषय होता 'मरणातली समता'. तुम्हाला सांगते, मी बोलले छान. दफनभूमीतल्या सांत्वनाला हॉल हसला, आजीच्या पंखांना दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. पूर्वेला उडालेले पक्षी सांगितले. नाचणीच्या पिठाचा प्रयोग सांगितला तेव्हा इंजिनिअरांनी माना डोलावल्या. रामरक्षा सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. आणि शेवटी आमचा फोटो, पडदाभर, दोघांची कपाळं केवढी मोठी! मी म्हटलं, "ही नुसती राख नाही. हे आशीर्वाद आहेत."

एवढ्या वेळात ईराकडे माझं लक्ष जात होतं. विसाव्या स्लाइडला तिने पेन खाली ठेवलं. तिसाव्या स्लाइडला ती ओठ चावत होती. पन्नासाव्याला तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, पोरगी हेलावली.

"प्रश्न?" मी विचारलं.

अपर्णा उठली. "ईरा, तू बोल ना. तुझाच विषय."

"नो, मावशी, इट वॉज अ ब्यूटिफुल टॉक."

"अगं बोल की!"

"इट्स फाइन, मावशी. रिअली."

आता गप्प बसायचं की नाही मी? ती बिचारी मला वाचवत होती! पण नाही. मी स्टेजवरून माइकमध्ये म्हटलं, "लाजू नकोस बाळा. चुकलीस तरी चालेल. आपली माणसं आहेत."

ईरा उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "काकू, ते पक्षी... ते ओमेन नव्हते."

"मग?"

"ते, आय थिंक, तिथले... रेसिडेंट होते."

"रेसिडेंट?" मी माइकमध्येच विचारलं.

"ती खोली त्यांच्यासाठीच केलीय," ती म्हणाली. मराठी शब्द शोधत शोधत, फार हळुवारपणे बोलत होती. "लोक कबुतरं पाळायचे. टू ईट. प्रत्येक कोनाड्यात एक घरटं. इट्रस्कन्सच्या खूप नंतर. कधी कधी जुनी थडगी तोडून करायचे, पण तुमच्या फोटोत तसं काही दिसत नाही. आणि कोलोम्बारिओचा मूळ अर्थ कबुतरांचं घर असाच आहे. राखेच्या कोनाड्यांना ते नाव नंतर पडलं, कारण ते सेम दिसायचे."

मी माइक धरून उभी. डोळ्यासमोर ती आजी आली. हात पसरलेले, वरखाली, वरखाली. बाई मला अभिनय करून दाखवत होती हो! याहून सोपं करून तिने काय करायला हवं होतं? घुटर्घुम करायला हवं होतं?

तेवढ्यात मागच्या रांगेतून साताऱ्याचे बापूकाका मोठ्याने म्हणाले, "अहो, मग सरळ ढाबळ म्हणा की! आमच्या शेजाऱ्यांकडं होती. स्मृतिशाळा कसली?"

एक हसला, दुसरा हसला. हॉल फुटायच्या बेतात होता, आणि मग कुणीतरी तो प्रश्न विचारला. कोण ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

"मग ती राख?"

ईराची नजर पडद्यावर गेली. बोलायची गरजच नव्हती. साठ माणसं एकदम पडद्याकडे वळली. पडद्यावर मी आणि सुधीर, कृतार्थ चेहरे, आणि कपाळावर आशीर्वाद.

त्यानंतर जो काही गदारोळ झाला तो मी वर्णन करत नाही. एक काकू खुर्चीवरून घसरल्या. अपर्णा रडत होती, पण ते दुःखाचं नव्हतं.

आणि डॉक्टर लोक! तुम्हाला वाटेल त्यांना तरी माझी दया आली असेल. पहिल्या रांगेतले छातीच्या विकाराचे डॉक्टर अविनाश हसता हसता एकदम गंभीर झाले आणि स्टेजवर चढले.

"वहिनी, आत किती वेळ होता तुम्ही?"

"पाऊण तास."

"बंद जागा? भुकटी उडत होती? रामरक्षा मोठ्याने म्हटलीत की मनात?"

"मोठ्याने."

"म्हणजे दीर्घ श्वास घेत," ते दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाले. "कबुतरांच्या विष्ठेतून फुप्फुसाला इन्फेक्शन होतं, माहितीय ना? खोकला आला होता?"

बघता बघता पाच डॉक्टर माझ्याभोवती. एकाने नाडी धरली. एक म्हणाले, खोल श्वास घ्या. माइक माझ्या हातातच, चालू, त्यामुळे माझा खोल श्वास अख्ख्या हॉलने ऐकला. मी सुधीरकडे पाहिलं. हा स्वतः डॉक्टर, हा तरी सोडवेल? तो म्हणाला, "तिला आल्यापासून थोडी कणकण होती." आणि पुढे, "मलाही लावलीय, माझंही बघा."

सांगून टाकते, सोमवारी दोघांचे एक्स-रे काढले. छाती स्वच्छ आहे. काळजी करू नका.

पण त्या क्षणी, खरं सांगू, मला रडू येत होतं. नाडी धरलेला हात सोडवून घेतला आणि स्टेजच्या मागच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. बाहेर गाडी होती, किल्ली पर्समध्ये होती. दहा मिनिटांत घरी. दार ढकललं तर बाहेरचा तो दमट, गरम वाफारा तोंडावर आला, आणि चष्मा पार धुरकट झाला. काही दिसेना. चष्मा पुसत उभी राहिले. आतून हसणं ऐकू येत होतं. म्हटलं, शैला, चुकीचं ड्रॉइंग निघालं तर तू काय करायचीस? पळून जायचीस? दुरुस्त करून रिव्हिजन काढायचीस.

आत आले. माइक उचलला.

"वडे थांबतील," मी म्हटलं. "ईरा, वर ये. स्लाइड नंबर एकपासून पुन्हा. जिथे चूक असेल तिथे थांबव."

"काकू, सगळ्या बासष्ट?"

"सगळ्या."

ती आली. दुसऱ्या स्लाइडलाच थांबवलं. चौथीला थांबवलं. नंतर नंतर मी नुसतं स्लाइड लावून तिच्याकडे बघायचे आणि हॉल एका सुरात म्हणायचा, "चूक!" पण त्या पोरीने काय सुंदर सांगितलं हो! खरं थडगं कसं ओळखायचं, दगडी उशीवर डोक्यासाठी खोलगट जागा कशी असते, उत्खननात महिनाभर खणून एक मणी मिळाला तर कसं नाचतात. लोक हसायचे थांबून ऐकायला लागले. नाचणीच्या पिठापाशी ती थबकली आणि म्हणाली, "काकू, मॅथ इज परफेक्ट." एवढं एकच बरोबर निघालं! पाच वाजायचे ते साडेसहा झाले. वडे गार झाले, तरी कुणी उठलं नाही.

कार्यक्रम संपला तसा ईराभोवती गराडा पडला. कुणी तिला पुढच्या समरला यायचं कसं विचारतंय, कुणी आपल्या नातीशी बोल म्हणतंय. माझ्याकडे कोण येणार? मी वायर गुंडाळत बसले होते. तेवढ्यात समोर वंदनाताई उभ्या. फारशी ओळख नाही, हसून मान हलवण्यापुरती. हातात गार वडा, चेहरा काळजीचा.

"शैलाताई, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा हो. आज काय रागवायचं?"

"आमचा पुण्यात कोथरूडला फ्लॅट आहे, वर्षभर बंदच असतो. गॅलरीत कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय. नळीवर बसतात, कुंड्यांत अंडी घालतात. इथून काही करताही येत नाही. तुमचा या विषयाचा एवढा अभ्यास आहे, म्हणून म्हटलं, तुमच्याकडे काही उपाय असेल तर..."

मी वंदनाताईंकडे पाहिलं. थट्टा नव्हती हो! बाई अगदी मनापासून विचारत होत्या.

मी वायर बाजूला ठेवली. पर्समधून वही काढली, पेनचं टोपण काढलं, आणि विचारलं, "गॅलरी किती बाय किती?"